नोंद जागेवरच होती

या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा दोन ओळींचा आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विकीवर लोकेलमधल्या, म्हणजे भाषेप्रमाणे ठरणाऱ्या नियमांमधल्या, बदलांविषयी एक पान आहे आणि त्या पानावर एक छोटी चाचणी दिली आहे. लिनक्सच्या सॉर्ट या आज्ञेला '१-१' आणि '११' अशा दोन ओळी इंग्रजी आकड्यांत द्यायच्या, लोकेल अमेरिकन इंग्रजीचा ठेवायचा आणि कोणती ओळ वर येते ते पाहायचे. '११' वर आली तर यंत्रावर जुनी लायब्ररी आहे, '१-१' वर आली तर नवी. एवढ्या एका प्रश्नावरून त्या यंत्रावरच्या डेटाबेसवर किती विश्वास ठेवायचा हे ठरते. २०१८ नंतर अनेक ठिकाणी एकच तक्रार होती: काल सापडणारे रेकॉर्ड आज सापडत नाही, डिस्क ठीक आहे, सर्व्हर चालू आहे, लॉगमध्ये एकही चूक नाही. त्या तक्रारीचा उलगडा या दोन ओळींत आहे.

हे प्रकरण पुन्हा जुळवायला लागणारे कागद सगळे उघड्यावर आहेत. लायब्ररीच्या प्रत्येक आवृत्तीची घोषणा, बदल करणाऱ्याच्या नावासह तारीखवार नोंदी, डेटाबेसच्या टपालयादीवरची पत्रे, दुरुस्त्यांची टिपणे. अडचण कागद मिळण्याची नाही, ते एका ओळीत लावण्याची आहे. कारण लायब्ररीची माणसे एका यादीवर लिहीत होती, पोस्टग्रेसची दुसऱ्या, आणि ज्यांचा डेटा बिघडला ते तिसरीकडेच.

आधी लायब्ररीची ओळख. लिनक्सवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम जीएनयू सी लायब्ररीवर उभा असतो. रोजच्या बोलण्यात तिला जीलिबसी म्हणतात. मेमरी मागणे, फाइल उघडणे, तारीख छापणे अशी शेकडो कामे ती करते. त्यातले एक काम कुणाच्या लक्षातही येत नाही: दोन शब्द दिले की त्यांतला आधीचा कोणता ते सांगणे. ते सांगणाऱ्या फंक्शनचे नाव स्ट्रकोल. त्याचे उत्तर भाषेप्रमाणे, म्हणजे लोकेलप्रमाणे बदलते, आणि ते एका भल्यामोठ्या तक्त्यातून येते. तक्त्याचा पाया म्हणजे आयएसओ १४६५१ हे आंतरराष्ट्रीय मानक. पोस्टग्रेसने अनेक वर्षे मजकुराची क्रमवारी या लायब्ररीला विचारून लावली आणि मिळालेले उत्तर कधी तपासले नाही.

१ ऑगस्ट २०१८ रोजी जीलिबसीची २.२८ ही आवृत्ती बाहेर पडली. प्रकाशनाची जबाबदारी कार्लोस ओ'डॉनेल यांच्याकडे होती, तक्त्याचे काम मुख्यतः माइक फाबियान यांचे. दोघेही रेड हॅटचे. आधीचा तक्ता काळाच्या बराच मागे होता, युनिकोडमध्ये नंतर आलेली कितीतरी अक्षरे त्यात नव्हतीच. नवा तक्ता मानकाच्या २०१६च्या आवृत्तीशी जुळवला होता आणि घोषणेत ते स्पष्ट लिहिले होते. म्हणजे लपवाछपवी कुठेही नाही. उलट जुलै २०१८ मधली एक नोंद दाखवते की करणाऱ्यांना धोक्याचा वास आला होता. नव्या क्रमात लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरे एकमेकांत मिसळली जात होती. त्यामुळे 'ए ते झेड' अशी लहान अक्षरांची कक्षा मागणाऱ्या जुन्या स्क्रिप्टमध्ये मोठी अक्षरेही शिरली असती. प्रकाशनाला थोडे दिवस उरले असताना २३३९३ क्रमांकाच्या तक्रारीवर दुरुस्ती झाली आणि ती कक्षा पूर्वीसारखी ठेवली गेली. शोधाच्या नमुन्यांचा धोका वेळेवर आवरला, डिस्कवर आधीपासून लावून ठेवलेल्या क्रमाचा राहिला.

बदल नेमका काय होता, हे सांगलीच्या तीन गावांवरून चटकन कळते. तासगाव तालुक्यात कवठे एकंद आहे, दसऱ्याच्या शोभेच्या दारूकामासाठी प्रसिद्ध. मिरज तालुक्यात हिंदकेसरी मारुती माने यांचे कवठेपिरान आहे. आणि कवठे महांकाळ हा तर तालुकाच. यातली दोन नावे तोडून लिहिली जातात, कवठेपिरान बहुतेक वेळा सलग.

जुन्या तक्त्यात मोकळी जागा, आडवी रेघ, तिरपी रेघ, टिंब या सगळ्यांना तुलनेच्या पहिल्या तीन पायऱ्यांवर वजनच नव्हते. तुलना करताना ती चिन्हे जणू नसायची, दोन शब्द अगदी शेवटपर्यंत बरोबरीत राहिले तरच त्यांचा विचार व्हायचा. मग आपल्या तीन नावांत 'कवठे' सारखेच, पुढे 'ए', 'प' आणि 'म' यांची गाठ. क्रम लागतो: कवठे एकंद, कवठेपिरान, कवठे महांकाळ. नव्या तक्त्यात मोकळ्या जागेला वजन मिळाले, आणि ते सगळ्या अक्षरांहून हलके. आता 'कवठे' नंतर ज्यांत जागा आहे ती दोन्ही गावे आधी येतात: कवठे एकंद, कवठे महांकाळ, कवठेपिरान. शेवटची दोन नावे एकमेकांच्या जागी गेली. छापील यादीत एवढा बदल झाला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

डेटाबेसच्या इंडेक्समध्ये मात्र हा बदल महागात जातो. पोस्टग्रेसचा नेहमीचा इंडेक्स बी-ट्री या पद्धतीचा असतो. सगळी मूल्ये क्रमाने लावून पानापानांत भरलेली, आणि वरच्या पानावर खुणेची मूल्ये: याच्या आधीचे डावीकडच्या पानात, हे आणि यापुढचे उजवीकडच्या. शोध घेताना डेटाबेस सगळी पाने उलटत नाही. प्रत्येक खुणेपाशी स्ट्रकोलला विचारतो आणि एकच वाट धरतो. समजा, जुन्या लायब्ररीच्या काळात इंडेक्स तयार झाला आणि एका खुणेवर 'कवठेपिरान' आले. तेव्हाच्या हिशेबाने 'कवठे महांकाळ' उजव्या पानात गेले. रात्री सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड झाली. सकाळी कुणी कवठे महांकाळ शोधले. डेटाबेस त्याच खुणेपाशी आला, त्याने नव्या लायब्ररीला विचारले, तिने सांगितले की महांकाळ पिरानच्या आधी. तो डावीकडे वळला, तिथे ते नाव नव्हते, आणि त्याने प्रामाणिकपणे 'शून्य ओळी' असे उत्तर दिले. नोंद शेजारच्याच पानात पडून होती.

पुढचा टप्पा जास्त वाईट. नाव सापडत नाही म्हणून समोरच्या माणसाने ते पुन्हा भरले. कॉलमवर 'एकच नोंद हवी' असा युनिक निर्बंध आहे, पण तो निर्बंध पाहायलाही हाच इंडेक्स वापरला जातो आणि डाव्या पानात दुसरी प्रत नाही, म्हणून डेटाबेसने ती आत घेतली. आता दोन कवठे महांकाळ झाले, जुनी नोंद उजवीकडे आणि नवी डावीकडे. बॅकअप निघतो, त्यात काही अडत नाही. तो रीस्टोअर करताना युनिक निर्बंध नव्याने बांधला जातो, तेव्हा सगळे फुटते. म्हणजे बिघाड झाल्याचा दिवस एक आणि कळल्याचा दिवस भलताच, मध्ये कदाचित महिने गेलेले.

हे फक्त गावांच्या नावांपुरते नाही. सातारा-सांगलीकडे जमिनीच्या कागदात हिस्सा दाखवायला तिरपी रेघ लागतेच. १२/१, १२०, १२१ हे तीन गट नंबर मजकूर म्हणून साठवले तर जुन्या तक्त्याने १२०, १२१, १२/१ असा क्रम लागतो, कारण रेघेला वजन नाही आणि १२/१ हा १२१ च्या बरोबरीचा ठरतो. नव्या तक्त्याने १२/१, १२०, १२१. हे उदाहरण मी रचलेले आहे, सरकारच्या भूमिअभिलेखांच्या प्रणालीशी त्याचा संबंध नाही. पण रेघ घातलेले पावती क्रमांक, एसटीडी कोडसकट फोन नंबर, जोडआडनावे हे सगळे याच कचाट्यात सापडणारे. गंमत अशी की नव्या तक्त्याचा क्रम तलाठ्याला जास्त पटेल.

ही अडचण २०१८ साली आकाशातून पडली नव्हती. सप्टेंबर २०१४ मध्ये ट्रिपॲडव्हायझर या प्रवासविषयक कंपनीतल्या अभियंत्याने पोस्टग्रेसच्या विकासकांच्या टपालयादीवर एक पत्र लिहिले. विषय होता कोलेशन, म्हणजे क्रम लावण्याचे नियम, आणि रेप्लिकेशन. पोस्टग्रेसची रेप्लिका ही मूळ डेटाबेसची बाइटगणिक नक्कल असते, इंडेक्सही तसाच्या तसा उतरतो. पण त्यात शोध घेताना रेप्लिका आपल्या यंत्रावरच्या लायब्ररीला विचारते. दोन यंत्रांवर जीलिबसीच्या वेगळ्या आवृत्त्या असल्या की मूळ यंत्रावर बरोबर असलेला इंडेक्स रेप्लिकेवर चुकीचा ठरतो. रोगाचे निदान त्या पत्रात पूर्ण होते. औषध मात्र बराच काळ निघाले नाही.

दुसरा कागद मार्च २०१६ चा, आणि तो मला सर्वांत रंजक वाटतो. त्याच वर्षी ७ जानेवारीला पोस्टग्रेसची ९.५ आवृत्ती आली होती. पीटर गेघन यांनी तिच्यात एक युक्ती बसवली होती. दर वेळी स्ट्रकोलला विचारणे महाग पडते, म्हणून शब्दाचे स्ट्रएक्सएफआरएम नावाच्या जोडफंक्शनने एका बाइटमाळेत रूपांतर करायचे आणि तिचे पहिले काही बाइट ताडून बघायचे. सी भाषेचे मानक सांगते की दोन्ही फंक्शनांचे उत्तर एकच आले पाहिजे. त्यावर विसंबून सॉर्टिंग पुष्कळ वेगवान झाले. मग एक तक्रार आली: इंडेक्स वापरला की काही ओळी गायब होतात, आणि लोकेल 'सी', म्हणजे नुसता बाइटांचा क्रम, असेल तर होत नाहीत. तक्रारीतला लोकेल जर्मन होता. पोस्टग्रेसचे विकासक टॉम लेन यांनी दोन्ही फंक्शनांची उत्तरे ताडून पाहणारा छोटा प्रोग्राम लिहून यादीवर टाकला. लोकांनी तो आपापल्या यंत्रावर चालवला आणि लक्षात आले की जीलिबसीच्या चालू वापरातल्या आवृत्त्यांत, एकाहून अधिक लोकेलांमध्ये, ही दोन भावंडे एकमेकांशी जुळत नाहीत. ३१ मार्चला ९.५.२ आली. दुसरे विकासक रॉबर्ट हास यांनी 'सी' सोडून बाकी सर्व लोकेलांसाठी ती युक्ती बंद करून टाकली आणि मजकुरावरचे इंडेक्स पुन्हा बांधा असा सल्ला दिला गेला.

त्या पत्रव्यवहाराचा सूर पाहण्यासारखा आहे. सुरुवातीला संशय पोस्टग्रेसवर, मग तक्रारकर्त्याच्या डेटावर, मग लोकेलवर. लायब्ररीचे उत्तर चुकीचे असेल हा विचार शेवटी येतो. ते स्वाभाविकही आहे. आपल्या पायाखालची जमीन कुणी रोज तपासत नाही.

२०१८ नंतर ज्याच्या टेबलावर हे प्रकरण आले त्याच्यापुढे संशयितांची रांग होती, आणि ती रांग कागदांवरून जशीच्या तशी उभी करता येते. ९.५ चे जुने दुखणे पहिले. दुसरे फेब्रुवारी २०१७ चे: पुण्यातून काम करणारे पवन देओलासी यांना चालू टेबलावर इंडेक्स बांधण्याच्या सोयीत एक शर्यत सापडली होती, जिच्यामुळे इंडेक्समध्ये ओळी नोंदायच्याच राहून जात. ती ९.६.२ मध्ये दुरुस्त झाली. देओलासी म्हणजे २००८ च्या ८.३ आवृत्तीत 'हॉट' नावाची मोठी सुधारणा करणारे, त्यामुळे इंडेक्सच्या पोटात त्यांची नजर जाणे नवल नाही. तिसरा संशयित खराब डिस्क किंवा रॅम. चौथा, नेहमीचा, 'ॲप्लिकेशनवाल्यांनी काहीतरी केले असेल'.

मराठी डेटा असेल तर पाचवाही धरावा लागतो. 'कऱ्हाड' हे नाव संगणकात दोन रीतींनी लिहिता येते. एका रीतीत ऱ हे स्वतःचा संकेतांक असलेले अक्षर, त्याचा पाय मोडून पुढे ह. दुसऱ्या, जुन्या रीतीत साधा र, हलन्त, मग न दिसणारे जोडचिन्ह, मग ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी दिसतात, युनिकोडला दोन्ही मान्य आहेत, पण बाइट वेगळे. पोस्टग्रेस समानता बाइटवर ठरवतो, म्हणून एका रीतीने भरलेले कऱ्हाड दुसऱ्या रीतीने शोधले तर मिळत नाही. लक्षण तेच, रोग पूर्ण वेगळा.

या सगळ्यांना वेगळे काढणारी कसोटी एक होती. तीच क्वेरी इंडेक्स न वापरता चालवायची. पोस्टग्रेसमध्ये इंडेक्सचे मार्ग तेवढ्यापुरते बंद करता येतात, मग तो टेबल वरपासून खालपर्यंत वाचतो. असे केल्यावर कवठे महांकाळ सापडले तर डेटा शाबूत आहे आणि इंडेक्स बिघडला आहे. कऱ्हाड तरीही सापडले नाही तर लिहिण्याची रीत तपासा. ॲप्लिकेशनवाले इथेच सुटतात. मग उरलेल्या इंडेक्सच्या संशयितांत निवड करायला ॲमचेक हे साधन होते. तेही गेघन यांचेच, ५ ऑक्टोबर २०१७ च्या दहाव्या आवृत्तीबरोबर आलेले. ते इंडेक्सच्या पानांवरून चालत जाते आणि शेजारची मूल्ये आत्ताच्या लायब्ररीच्या मते क्रमात आहेत का ते पाहते. मजकुरावरचे बरेच इंडेक्स नापास आणि आकड्यांवरचे सगळे पास झाले, तर डिस्कला दोष देण्यात अर्थ नाही. डिस्कला मजकूर आणि आकडा यांतला फरक कळत नाही.

इशारा देणाऱ्यांनी मात्र वेळेवर दिला होता. २.२८ बाहेर पडली त्याच ऑगस्टमध्ये डॅनिएल व्हेरिटे यांनी आपल्या पोस्टग्रेसविषयक ब्लॉगवर पुढच्या जीलिबसी अपग्रेडपासून सावध राहा असे बजावणारा लेख लिहिला. वाचला असेल तो जागरूक मंडळींनी. बाकीच्यांपर्यंत लायब्ररी हप्त्याहप्त्याने पोहोचली: ऑक्टोबर २०१८ मध्ये उबुंटू १८.१० आणि फेडोरा २९, ७ मे २०१९ ला रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८, ६ जुलै २०१९ ला डेबियन १०. दीर्घ मुदतीच्या उबुंटूवर राहणाऱ्यांना ती एप्रिल २०२० च्या २०.०४ मध्ये भेटली. सेंटओएस ७ वर जीलिबसी २.१७ होती आणि त्याची मुदत ३० जून २०२४ ला संपली, म्हणजे काही सर्व्हरांसाठी २०१८ चा बदल सहा वर्षांनी घडला. एकच घटना प्रत्येकाच्या घरी वेगळ्या तारखेला. एकाच दिवशी सगळीकडे बिघडले असते तर बोभाटा झाला असता आणि महिन्याभरात सगळ्यांना कारण कळले असते. वर्षानुवर्षे सुटे सुटे बिघडत गेल्यामुळे प्रत्येकाने आपापली रात्र जागून काढली.

डॉकर, म्हणजे प्रोग्राम आणि त्याची सिस्टिम एकाच तयार इमेजमध्ये बांधून चालवण्याचे साधन, वापरणाऱ्यांची आणखी वेगळी तऱ्हा. त्यांना वाटत असते की आपण सिस्टिम अपग्रेड केलीच नाही. पण पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजच्या पोटात डेबियन असते, आणि जून २०२३ मध्ये डेबियन १२ आल्यावर ते खालच्या खाली बदलले. जीलिबसी २.३१ ची २.३६ झाली. डेटाबेसची आवृत्ती तीच, नावाचे लेबल तेच, इमेज नव्याने ओढली एवढेच. अल्पाइनवरच्या इमेजमध्ये तर जीलिबसी नाहीच, मसल नावाची दुसरी लायब्ररी आहे, आणि तिला भाषेनुसार क्रम लावता येत नाही. एकीकडचा डेटा उचलून दुसरीकडे ठेवला की तोच प्रकार.

दुरुस्ती सांगायला सोपी: मजकुरावरचे सगळे इंडेक्स पुन्हा बांधायचे, आज्ञा रीइंडेक्स. बांधताना टेबल अडून राहते, आणि चालू कामात ते परवडत नाही. न अडवता पुन्हा बांधण्याची सोय ३ ऑक्टोबर २०१९ च्या बाराव्या आवृत्तीत आली, तोवर अपग्रेडच्या दोन-तीन लाटा येऊन गेल्या होत्या. दुहेरी नोंदी शिरल्या असतील तर आधी त्या हाताने निवडायच्या: कोणते कवठे महांकाळ खरे, कुणाच्या आधाराने दुसऱ्या टेबलांत काय काय नोंदले गेले आहे. हे काम यंत्र करत नाही. आणि सगळ्यांत सुरक्षित रस्ता सुरुवातीलाच होता: अपग्रेडच्या वेळी डेटाच्या फाइली जशाच्या तशा न नेता मजकूररूपात काढून नव्या यंत्रावर भरायच्या, म्हणजे इंडेक्स नव्या तक्त्यानेच बांधले जातात. वेळ फार लागतो म्हणून तो टाळला जातो.

आता दोष कुणाचा? जीलिबसीला शिव्या देणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. जुना तक्ता अपुरा होता, तो मानकाला धरून सुधारला, घोषणेत तसे लिहिले. चूक डेटाबेसच्या बाजूला आणि फार साधी होती. इंडेक्स कोणत्या तक्त्याने लावला हे इंडेक्सवर कुठेच लिहिलेले नव्हते. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातली पत्रे लावून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापला, तेव्हा त्यांनाही हीच अडचण होती. पत्रावर 'छ' घालून चंद्र आणि मुसलमानी महिना असतो, साल बहुधा नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला चालू साल ठाऊकच असायचे, मग लिहायचे कशाला? शंभर वर्षांनी ती पत्रे क्रमाने लावणाऱ्याला मात्र मजकुरातल्या मोहिमा आणि माणसांवरून साल काढावे लागते. पोस्टग्रेसही आत्ताच्या लायब्ररीला आत्ताचे साल समजून चालला होता.

साल लिहायला सुरुवात झाली ती तुकड्यातुकड्याने. दहाव्या आवृत्तीत आयसीयू ही दुसरी लायब्ररी क्रमासाठी वापरता येऊ लागली आणि तिच्या कोलेशनची आवृत्ती नोंदवली जाऊ लागली. २४ सप्टेंबर २०२० च्या तेराव्या आवृत्तीत जीलिबसीसाठीही ती सोय झाली, पण नाव घेऊन वापरलेल्या कोलेशनपुरती. बहुतेकांचा डेटाबेस ज्या डीफॉल्ट कोलेशनवर चालतो ते बाहेरच राहिले. मग प्रत्येक इंडेक्सवर स्वतंत्र शिक्का मारण्याचे काम थॉमस मन्रो आणि ज्युलियाँ रूओ यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये जोडले, आणि मे २०२१ मध्ये, चौदावी आवृत्ती बाहेर पडण्याआधी, अडचणी निघाल्याने ते काढून घेतले. अखेर १३ ऑक्टोबर २०२२ च्या पंधराव्या आवृत्तीत संपूर्ण डेटाबेसवर एक शिक्का आला: हा डेटाबेस अमुक आवृत्तीने बांधला, सिस्टिम तमुक आवृत्ती देते आहे, इंडेक्स पुन्हा बांधा. २०१४ च्या त्या पत्रापासून आठ वर्षे.

शिक्काही ओबडधोबड आहे. जीलिबसी आपल्या तक्त्याची वेगळी आवृत्ती सांगत नाही, म्हणून पोस्टग्रेस अख्ख्या लायब्ररीचा क्रमांक लिहून ठेवतो. तक्ता बदलला नसला तरी क्रमांक बदलला की इशारा येतो. मग लोक इंडेक्स न बांधता नुसता शिक्का ताजा करणारी आज्ञा देऊन इशारा घालवतात. ती आज्ञा इशाऱ्यातच सुचवलेली असते, आधी इंडेक्स बांधा हे तिच्या अलीकडचे वाक्य घाईत वाचले जात नाही.

मराठीच्या दृष्टीने हा तक्ता अजूनही पुरता बरोबर नाही. सगळ्या लिप्यांच्या सामाईक क्रमात ळ हे ल च्या लगेच पुढे येते. आपल्या वर्णमालेत ते ह च्या पुढे, त्यानंतर क्ष आणि ज्ञ. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात बावन्न वर्णांची जी मांडणी आहे तीत ३४ व्यंजनांतले शेवटचे ळ आहे. सांगलीतले पलूस, माण तालुक्यातले पळशी आणि वाईजवळचे पसरणी घ्या. सामाईक तक्त्याने पलूस, पळशी, पसरणी असा क्रम लागतो. मराठी कोशाच्या सवयीने पलूस, पसरणी, पळशी. युनिकोडच्या लोकेल-संग्रहात मराठीसाठी ह, ळ, क्ष, ज्ञ हा क्रम स्वतंत्र नोंदवला आहे आणि आयसीयू तो पाळते. पण आयसीयूचेही तक्ते युनिकोडबरोबर बदलत राहतात, म्हणजे मराठी क्रम मागितला की त्याबरोबर आवृत्ती सांभाळण्याचे काम आलेच.

याच्या उलट टोकाला २६ सप्टेंबर २०२४ ची सतरावी आवृत्ती आहे. जेफ डेव्हिस यांनी तिच्यात पोस्टग्रेसच्या स्वतःच्या पोटातला क्रम दिला: नुसत्या संकेतांकांचा, बाहेरच्या कुठल्याही लायब्ररीला न विचारता. ऑपरेटिंग सिस्टिम कितीही वेळा बदला, हा क्रम हलत नाही. मात्र त्यात ॲ हे अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली उशिरा आले आणि देवनागरीच्या पट्ट्यात आकड्यांच्याही पलीकडे बसले, यादीच्या तळाशी जाते. नावाआधी ॲड. लावणारे सगळे वकील ज्ञानेश्वरांच्या खाली सापडतात.

म्हणून जाणती मंडळी हल्ली दोन कामे वेगळी करतात. इंडेक्स संकेतांकांच्या क्रमाने बांधायचा, तो फक्त शोधण्यापुरता आणि माणसाला न दाखवण्याचा. पडद्यावर किंवा कागदावर यादी द्यायची वेळ आली की तेवढ्या ओळी त्या क्षणी आयसीयूच्या मराठी क्रमाने लावून घ्यायच्या. दहा हजार गावांच्या यादीलाही याला फारसा वेळ लागत नाही, आणि पुढच्या अपग्रेडमध्ये मराठीचा तक्ता बदलला तरी फार तर छापील यादीत पळशी एखादी ओळ वर-खाली होते.